भिंतीपलीकडचा शेजारी

त्या विनोदी मालिकेतल्या घरात आई होती, बाबा होते, आजी होती, दोन वांड मुलं होती आणि एक भिंत होती. भिंतीपलीकडचा शेजारी कुणी कधीच पाहिला नव्हता. घरातलं भांडण चांगलं रंगात आलं की पलीकडून एक वैतागलेला आवाज यायचा, "झालं का तुमचं?" आणि इकडे सगळे चिडीचूप. तेवढं ऐकल्याशिवाय लोक टीव्हीसमोरून हलत नसत.

तो आवाज मिस्त्रींचा होता. मिस्त्री म्हणजे सेटवरचे सुतार. त्या घराच्या भिंती, दारं, खिडक्या, कुठेच न पोहोचणारा जिना, सगळं त्यांच्या हातचं. नट होण्याचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांच्या घशात लाकडाचा भुसा बसल्यासारखं व्हायचं. लग्नाचं विचारलं तेसुद्धा त्यांनी दाराआडून. बायकोला सुरुवातीला वाटलं, कुणीतरी दार दुरुस्त करायला आलंय.

जेवण झालं की सेटच्या भिंतीमागे प्लायवूडच्या तुकड्यांवर आडवं व्हायचं, ही त्यांची सवय. एकदा ते असेच घोरत पडले होते आणि इकडे चित्रण सुरू झालं. आई आणि आजी कपाटाच्या किल्लीवरून जुंपल्या होत्या. अर्धवट झोपेत मिस्त्रींना वाटलं, आपण घरीच आहोत आणि बायकोचं नि वहिनींचं सुरू झालंय. ते करवादले, "झालं का तुमचं?" दोन्ही नट्या खरोखरच दचकल्या. मिस्त्रींना दरदरून घाम फुटला; नोकरी गेलीच म्हणायची. पण दिग्दर्शिकाबाई हसून हसून खुर्चीवरून घसरल्या होत्या.

तेव्हापासून दर भागात मिस्त्री हातातला रंधा खाली ठेवत, भिंतीमागे जात, एकदा ओरडत आणि परत येऊन रंधा उचलत. सेटवर त्यांचं नाव पडलं भिंतकाका. मालिकेच्या शेवटी नावं भराभर पळत, त्यात मात्र ते सुतारकामाखालीच असत.

इथेच घरी पंचाईत होती. त्यांची बायको सगळ्यांना अभिमानाने सांगे, की तो आवाज ह्यांचाच. आणि तिची थोरली जाऊ पदर तोंडाला लावून हसे.

"भावोजी? आणि ओरडले? अगं, माझ्याकडे आले की पाणी हवं म्हणायलासुद्धा लाजतात. नुसते पेल्याकडे बघत बसतात!"

"अहो जाऊबाई, खरंच त्यांचा आवाज आहे."

"मग म्हणायला सांग की आत्ता. भावोजी, म्हणा बघू!"

मिस्त्री कानापर्यंत लाल होत आणि चपला शोधू लागत. बायकोचा शब्द असा दर खेपेला जमिनीवर पडे, आणि मिस्त्रींना तो उचलून देता येत नसे.

मालिका संपली आणि त्याच कुटुंबावर एक टीव्ही चित्रपट काढायचं ठरलं. गोष्टीत ते घर बदलतात. निघताना सगळे शेजाऱ्याचा निरोप घ्यायला जातात, दार उघडतं आणि इतकी वर्षं न दिसलेला शेजारी दिसतो.

"भिंतकाका, या वेळी तोंड दाखवायचं बरं का," बाई म्हणाल्या.

"माझं?"

"नाहीतर काय भिंतीचं?"

"बाई, एखादा बरा नट बघा. मी दार छान करून देतो."

पण घरी बायको आधीच जावेला सांगून मोकळी झाली होती. "आता बघतीलच म्हटलं डोळ्यांनी. अहो, तुम्ही मात्र ऐन वेळी पाचर मारू नका!"

मिस्त्रींनी दार छान केलं. कॅमेऱ्याच्या सोयीसाठी बाईंनी भिंत जरा कलती लावायला सांगितली होती, त्यामुळे दार लोटलं तरी ते हळूच आपलं आपण उघडे. मिस्त्री आतून त्याच्याखाली लाकडाची एक छोटी पाचर सारत. काम झालं की पाचर खिशात.

चित्रणाच्या दिवशी दार उघडलं. समोर दिवे, कॅमेरा आणि पाच ओळखीचे चेहरे. मिस्त्रींनी तोंड उघडलं. आवाज नाही. पुन्हा दार लावलं, पुन्हा उघडलं. एकदा नुसतं "झालं" आलं. एकदा तर ते "नमस्कार" म्हणाले. मालिकेतला धाकटा, ज्याला आता मिसरूड फुटलं होतं, तो हसू आवरायला भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

शेवटी बाई जवळ आल्या. "काका, जमत नसेल तर तोंड दुसऱ्या कुणाचं तरी घेऊ. आवाज तुमचाच ठेवू."

मिस्त्रींना हायसं वाटलं. मग बायको आठवली, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

"एकदा दार लावूनच म्हणू का?" ते पुटपुटले. "आवाज तरी नीट मिळेल."

दार लागलं. आत अंधार, प्लायवूडचा ओळखीचा वास. बाहेर कुटुंब ठरल्याप्रमाणे भांडू लागलं, की घंटी कुणी वाजवायची. मिस्त्रींनी डोळे मिटले. घसा मोकळा झाला.

"झालं का तुमचं?"

आणि दार कुरकुरत उघडलं. मिस्त्री डोळे मिटून उभे, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर अगदी सुखी भाव. डोळे उघडले तर समोर सगळी दुनिया. "अगं आई गं!" म्हणत त्यांनी दार ओढून घेतलं. बाई पुन्हा एकदा खुर्चीवरून घसरल्या. तेवढंच चित्रपटात राहिलं.

घरी शर्ट धुवायला घेताना बायकोला खिशात पाचर सापडली.

"ही खिशात कशी हो?"

"दाराखाली सारायची राहिली."

"राहिली की ठेवली?"

मिस्त्री पाण्याच्या पेल्याकडे बघत बसले.

चित्रपट लागला त्या दिवशी जाऊबाई अगदी पुढची जागा धरून बसल्या होत्या. दार उघडायची वेळ आली तसे मिस्त्री पाणी प्यायच्या निमित्ताने आत सटकले.

"अगं बाई! हे तर आपले भावोजी!"

बायको ताठ बसली. पण जाऊबाई मागे टेकून म्हणाल्या, "तोंड भावोजींचंच आहे गं. आवाज मात्र दुसऱ्या कुणाचा तरी घातलाय."

"अहो, आवाजच तर पहिल्यापासून त्यांचा!"

"छे! इतका खणखणीत? मला नको शिकवूस."

"तोंड मानता आणि आवाज मानत नाही? कमाल करता!"

"कमाल माझी की तुझी?"

दोघींचे आवाज चढले. चित्रपट बाजूलाच राहिला. आत मिस्त्री पेला धरून ऐकत होते. बायकोचा शब्द पुन्हा जमिनीकडे निघाला होता. पण आज मधे भिंत होती.

"झालं का तुमचं?"

जाऊबाईंनी दचकून टीव्हीकडे पाहिलं. तिथे साबणाची जाहिरात चालू होती. मग त्यांनी हळूच भिंतीकडे पाहिलं.

"म्हणाले बघा," बायको म्हणाली.