पहिला निरोप कुणी द्यायचा?

जुन्या जालन्यात कापडदुकानाच्या वर आमचं ऑफिस. मी आणि वैभव, दोघंच. नाव घ्यावं असं काम अजून झालं न्हाई, किस्से मात्र पोत्यानं पडलेत. हसू नका, जीव गेलाय आमचा त्यात!

खाली दुकानाशेजारीच बबनकाकांचं वधूवर केंद्र. त्यांच्यासाठी आम्ही सॉफ्टवेअरचे एजंट बनवले, एक मुलाकडचा, एक मुलीकडचा. माणसांऐवजी तेच बोलणी करणार, एजंटांसाठी ठरलेल्या स्टँडर्ड भाषेत. विचारणा, होकार, नकार, माहिती. बस्स, चारच प्रकार.

काकांनी आधी हेच विचारलं, "ह्यात मामा रुसल्याचा मेसेज कुठंय?"

"तसा न्हाई, काका."

"मंग लग्न कसं जमन रे बाबा?" म्हणत ते चहा न घेताच खाली गेले.

*

पहिला नकार कुंभार पिंपळगावला गेला. "नकार. कारण: मुलगी पसंत नाही." जसाच्या तसा! मुलीचे वडील सकाळच्या गाडीनं हजर.

"नकार द्या हो, पण पत्रिकेवर ढकला की! एवढीबी रीत न्हाई तुमच्या मशीनला?"

वैभवनं त्यांच्यासमोरच लॅपटॉप उघडला.

*

मंग वैभवनं दुरुस्ती केली. कुणाचाही नकार असो, कारण एकच: पत्रिका जुळत नाही. लगेच एका बौद्ध घरातल्या शिक्षिकेचा फोन!

"सर, आमच्यात पत्रिका काढतच न्हाईत. मंग जुळली न्हाई ती कोणाची?"

वैभवनं गुपचूप फोन माझ्या हातात दिला.

*

आता वैभवचंच ऐका. जालन्यातच राहणारा सॉफ्टवेअरवाला, त्याला पोरगी कोण देणार? शेवटी भोकरदनची एक मुलगी पाहून आल्ता, तर दिवसभर एकटाच हसत होता. "भाऊ, हीच पाहिजे. न्हाई तर बिलकुल कोणीच नको."

बोलणी आमच्याच एजंटवर टाकली. त्याच्या आईनं अट घालायला लावली, "आपण मुलाकडचे. पहिला निरोप त्यांचा आला पाहिजे."

"अरे, सरळ फोन कर ना तिच्या वडलांना!"

"आपलं सॉफ्टवेअर आपणच न्हाई वापरायचं, तर कोण वापरन?"

स्क्रीनवर रोज तेच: "बोलणी चालू. समोरच्या निरोपाची वाट पाहत आहे." समोरच्याची अट दिसू नये, हे तर आमचंच सेफ्टी फीचर! दिवाळी गेली, लग्नसराई लागली.

मंग एक दिवस काका वर आले. भोकरदनच्या मुलीचं लग्न दुसरीकडं ठरल्तं. तिच्या वडलांनीही अट घातल्ती म्हणे, "पोरगी काय जड झाली का आम्हाला? आधी मुलाकडच्यांनी विचारावं." खरं सांगतो, मला रडू आलं.

काकांनी तिचं स्थळ बंद केलं. बंद होताना एजंट समोरच्याला शेवटचा निरोप देतो, स्टँडर्डची तशी शिस्तच आहे. वैभवचा फोन वाजला. वाचून त्यानं तो माझ्यापुढं सरकवला.

"माहिती: स्थळ बंद. मुलीचा होकार पहिल्या दिवसापासून होता. आपल्या विचारणेची वाट पाहत होतो."

"भाऊ," वैभव म्हणाला, "पहिला निरोप त्यांचाच आला. आईला सांगू?"