पोच्ड अंड्याचं पाणी

चैताली गेला आठवडाभर शांत झोपते आहे, आणि मला त्या झोपेचीच भीती वाटते. दोन वर्षं ही माझी मुलगी झोपेत दात खायची, मध्येच ‘येस शेफ, येस शेफ’ म्हणत उठून बसायची. आता कूससुद्धा बदलत नाही. आणि तिकडे सरकारी दवाखान्यात तिच्या हॉटेलातला बुधा भाजलेला उजवा हात उशीवर ठेवून बसल्या बसल्या रात्र काढतो. सकाळी हवालदार त्याचा जबाब घ्यायला येणार आहे. भांडं कलंडलं, असं तो सांगणार आहे. भांडं कलंडलं नव्हतं.

चैताली लहानपणी चिकनच्या दुकानासमोरून जाताना डोळे गच्च मिटायची. सिडकोतल्या आमच्या गल्लीत असं दुकान कोपऱ्यावरच होतं, त्यामुळे शाळेत जाताना मला तिला आंधळ्यासारखं हाताला धरून न्यावं लागायचं. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंट करते म्हणाली, तेव्हा आमचे हे हसले होते. “डोळे मिटून कापशील तर बोट जाईल, बाई.” बोट गेलं नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षबागांत वाइनवाल्यांची जी हॉटेलं झाली आहेत, त्यातल्या एका हॉटेलच्या इटालियन किचनमध्ये तिला नोकरी लागली. गल्लीत पेढे वाटले आम्ही.

तिथला मोठा शेफ यादव. दिसायला सभ्य, मला ‘माताजी’ म्हणून नमस्कार करणारा. त्याच्या हाताखाली पहिल्याच महिन्यात चैतालीच्या बोटांची पेरं सुजली. सॉस पातळ झाला म्हणून त्याने चिमट्याने मारलं होतं. पुढे हातावर काळे पट्टे दिसायला लागले, कोपराच्या खाली, एकाखाली एक. ओव्हनमधला तवा तो मुद्दाम हाताला टेकवायचा. एकदा कानावर असा फटका बसला की चार दिवस ती टीव्हीचा आवाज वाढवून बसायची.

“सोड ती नोकरी,” मी म्हणायचे.

“सगळ्या किचनमध्ये असंच असतं, आई. त्यालाही असंच शिकवलंय.”

त्या हॉटेलची नावाजलेली डिश म्हणजे एक पोच्ड अंडं, पाण्यात शिजवलेलं. ऐकून मला हसू आलं होतं. पसरट पातेल्यात पाणी तापवायचं, उकळू द्यायचं नाही. थोडं व्हिनेगर घालायचं. पळीने पाणी गोल फिरवायचं आणि मधल्या भोवऱ्यात फोडलेलं अंडं अलगद सोडायचं. पांढरं पिवळ्याभोवती दुपट्यासारखं गुंडाळलं जातं. ते निथळून बशीत ठेवायचं, वरून दुधात वितळवलेल्या चीजचा सॉस, आणि त्यावर ट्रफलचे कागदासारखे काप. ट्रफल म्हणजे इटलीत जमिनीखाली मिळणारी काळी, खडबडीत बुरशी. ती कच्च्या अंड्यांबरोबर बरणीत बंद करून ठेवतात, म्हणजे वास टरफलातून आत जातो.

पाणी किती तापलंय हे यादव थर्मामीटरने बघू द्यायचा नाही. बोटं बुडवायला लावायचा. पाणी जास्त तापलेलं असलं तर मनगट धरून ठेवायचा. “अब याद रहेगा.” चैतालीच्या बोटांची कातडी दोनदा निघाली.

तेव्हा तिला कोरफड आणून द्यायचा तो बुधा. पेठकडच्या एका पाड्यावरचा, माझ्याच वयाचा माणूस. भांडी, भट्टी, पिझ्झाच्या ओव्हनची राख, सगळं त्याच्याकडे. चैताली त्याला काका म्हणायची. रात्री उशीर झाला की तो तिला मोटारसायकलवरून घरी सोडायचा. चहाला थांबा म्हटलं तर “नको बाई, गाडीला उतार लागलाय, आता थांबायची नाय” म्हणून हसत निघायचा.

गेल्या आठवड्यात द्राक्षं निर्यात करणाऱ्यांची मोठी पार्टी होती. आदल्या दिवशी चैतालीची तयारी अर्धी राहिली, म्हणून यादवने तिला फ्रीजच्या दारावर आपटलं. ते बुधाने पाहिलं. ती घरी निघाल्यावर तो मागे थांबला आणि तिचं उरलेलं काम करत बसला. कांदे चिरले, चीज किसलं. मग ट्रफलची ती बरणी त्याच्या हाती लागली. पार्टीसाठी बाहेर काढलेले, एरवी यादवच्या कुलुपात असणारे ते काळे गोळे त्याने कधी पाहिले नव्हते. त्याच्या पाड्यावर पावसाळ्यात रानातून कडू कांदा खणून आणतात. तो तसाच खाल्ला तर घसा धरतो, माणूस ओकून ओकून मरायला टेकतो. म्हणून तो सोलायचा, चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात ठेवायच्या आणि मग उकडायच्या. हेही तसलेच कंद समजून बुधाने तसंच केलं, पिझ्झाच्या ओव्हनची राख घेऊन. पाहुण्यांच्या घशाला काही झालं असतं तर मार पोरीलाच बसला असता.

हे मला त्यानेच दवाखान्यात सांगितलं. “माला काय ठाऊक बाई, तो कडू नसतो,” म्हणाला. हात कसा भाजला विचारलं, तर खिडकीकडे बघत म्हणाला, “भांडा कलंडला.” नर्स पट्टी बदलत होती. हात सोललेल्या कणसासारखा दिसत होता. दोन बोटं पुन्हा वाकतील की नाही, डॉक्टरांना सांगता येत नव्हतं. पण माझं लक्ष गेलं ते मनगटाकडे. तिथे भाजणं एकदम थांबलं होतं. खाली लाल मांस, वर धड कातडी, मध्ये सरळ रेघ.

रविवारी चैतालीला सुट्टी होती. म्हणाली, “आज तुम्हाला आमचं अंडं करून घालते.” पाणी तापत होतं, ती पळीने भोवरा करत होती. मी शेजारी उभी राहिले.

“बुधाचा हात कसा भाजला?”

“सांगितलं ना. भांडं कलंडलं.”

“सांडलेलं पाणी ओघळतं, चैताली. त्याच्या हाताला ओघळ नाही. पाण्यात बुडवल्यासारखा भाजलाय.”

“आई, धक्का लावू नकोस. अंडं फाटेल.”

“तू केलंस?”

तिने अंडं पाण्यात सोडलं. मग सांगितलं, भाजी आणायला गेले होते अशा आवाजात. “त्याने ट्रफल उकडले. राखेत! शेफ मला मारायलाच येणार होता. पण त्याने मारलं नाही. ‘तेरा आदमी है, तू देख,’ म्हणाला आणि हाताची घडी घालून उभा राहिला. मग मी बघितलं.”

“काका म्हणायचीस ना त्याला?”

“किचनमध्ये कुणी काका नसतं.”

“तो ओरडला नाही?”

“आधी नाही. ‘पोरी, पोरी’ म्हणत होता. मग ओरडला.”

माझा हात उठला. मी तिच्या थोबाडीत मारली. पुढच्या क्षणी माझं मनगट तिच्या मुठीत होतं आणि माझा हात पातेल्यावर. वाफ तळहाताला लागत होती. मी ओढलं, पण तिची पकड हलली नाही. चेहऱ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती कामावर असल्यासारखी दिसत होती. मग तिने मूठ सोडली, झाऱ्याने अंडं काढलं, निथळलं, सॉस घातला आणि बशी ह्यांच्या पुढे ठेवली.

“खा बाबा, गार होईल.”

ह्यांनी सगळं पाहिलं होतं. खाल्लं. “छान झालंय,” म्हणाले.

नंतर ती बाहेर गेल्यावर मी बोलायला लागले, तर माझ्यावरच धावून आले. “तो माणूस स्वतः म्हणतोय ना, भांडं कलंडलं? मग तू कोण? पोरीला तुरुंगात बघायचंय तुला?”

बुधा तसं का म्हणतो, तेही मला माहीत आहे. हॉटेलच्या मालकाने निरोप धाडला आहे, जबाब नीट दिलास तर नोकरी राहील. यादव तर मुंबईच्या नव्या हॉटेलात चालला आहे आणि चैतालीला आपल्या खालोखाल नेतो आहे. “अब तू तैयार है,” असं त्याने तिला सांगितलं. तिने बॅग भरायला काढली आहे. तिकडे तिच्या हाताखाली आठ-दहा माणसं असतील. त्यांतल्या कुणाच्या तरी हातून काहीतरी बिघडेल. स्वयंपाकघरात ते रोजच बिघडतं.

तिला शिक्षा झाली तर मी वकील करीन, तुरुंगाबाहेर डबा घेऊन उभी राहीन, ती तोंड फिरवेल तेही बघीन. यादवने तिला काय केलं, तेही मी हवालदाराला सांगेन. पण आधी बुधाशी बोलायला हवं. हात त्याचा आहे. त्याच्याजवळ त्याची बायको विठाबाई असते, नंबर माझ्याकडे आहे. मी म्हणेन, बुधाला सांगा, आमच्या पोरीसाठी खोटं बोलू नका. तिच्या आईने सांगितलंय म्हणा. नोकरी गेली तर मी दुसरी बघते, पण खरं सांगा.

हे पलीकडच्या खोलीत झोपले आहेत. उजाडेपर्यंत थांबले तर ते मला थांबवतील. विठाबाईंना झोपेतून उठवावं लागलं तरी चालेल. फोन आत्ताच लावते.