काकांची गुळतुला

माझी नणंद हर्षा कामठीला शाळेत शिकवते. लग्नाच्या पंगतीत ती कधी बसत नाही, वाढायला मात्र सगळ्यांच्या पुढे. लोक तिला कामसू म्हणतात. खरं कारण मला माहीत आहे आणि ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

गोपाळराव तिचे सख्खे काका. लकडगंजात त्यांचं धान्याचं दुकान आहे. लक्ष्मीपूजनाला दुकानातल्या वजनकाट्याची पूजा झाली की घरातल्या पोरींना त्यावर उभं करायचं, ही त्यांनीच पाडलेली रीत. हर्षा चौदा वर्षांची असताना त्यांनी तिचा आकडा दुकानभर ओरडून सांगितला. "हे पोतं कोणाच्या घरी खपन गा?" हमालांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे हसले. "बस करा ना काकाजी," एवढंच ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं खाल्लेला फराळ मागच्या मोरीत ओकून टाकला. काकांनी ते पाहिलं. "चांगलं हाये, तेवढीच हलकी होशीन," म्हणाले आणि हात धुऊन गेले. मग हे ओकणं वर्षानुवर्षं चाललं. तिचे दात किडले, केस विरळ झाले, आणि घरात कोणी एका शब्दानं विचारलं नाही.

गेल्या दिवाळीत काकांनी माझ्या लेकीला, काजलला काट्यावर चढवलं. तेव्हापासून पोरगी डबा भरलेलाच परत आणू लागली. हर्षानं एकदा तो उघडून पाहिला.

उन्हाळ्यात काकांची पंच्याहत्तरी झाली. मुलांनी गुळतुला ठरवली. एका पारड्यात काका, दुसऱ्यात गूळ, मग तो गूळ लोकांना वाटायचा. पारड्यात गुळाच्या भेल्या ठेवायला हर्षा उभी राहिली आणि माईकही तिनंच मागून घेतला.

"अजून एक भेली आणा. काकाजी हलूनच नाही राहिले."

लोक हसले.

"अजून एक. हे पोतं कोण उचलन गा?"

हॉल खदखदला. काकांचा चेहरा लाल झाला. "बस कर वं," ते हळूच म्हणाले.

"मी बी हेच म्हणली होती," हर्षा माईकवरच म्हणाली. "चौदा वर्षांची होती तवा."

हसू थांबलं. ती उरलेल्या भेल्या सावकाश ठेवत राहिली. मला लाज वाटायला हवी होती, पण मला फार बरं वाटलं.

जेवायला बसल्यावर काकांनी ताट बाजूला सारलं. हर्षानं ते पुन्हा त्यांच्यापुढं सरकवलं, पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं.

"जेवा ना काकाजी," ती म्हणाली. "जड वाटलं त मागं मोरी हाये."