विकायची भाकरी

माझी धाकटी बहीण होटगीला राहते आणि ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून सोलापुरातल्या दुकानांना पुरवते. पातळ थापायची, भाजायची, मग मंद आचेवर पापडासारखी कडक होईपर्यंत ठेवायची. पहाटेपासून दुपारपर्यंत ती तव्यासमोरून हलत नाही. पाकिटावर छापलेलं असतं, ‘पौष्टिक, घरगुती’. पुण्यामुंबईचे लोक मधुमेहाला चांगली म्हणून आवर्जून मागवतात.

आणि मधुमेह झाला माझ्या बहिणीला.

दोन वर्षं गोळ्या चालू होत्या, साखर काही उतरत नव्हती. गेल्या उन्हाळ्यात पायाच्या अंगठ्याला चटका बसला. महिना झाला तरी जखम भरेना, तेव्हा मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “जेवणात काय असतं?”

“भाकरी की,” बहीण म्हणाली. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

“मग खाण्याचा प्रश्नच नाही,” म्हणत बाई गोळी वाढवायला लागल्या. याआधी दोनदा अशीच वाढवली होती म्हणे. तिच्या घरातले डबे मी पाहिले होते. माझं डोकंच फिरलं.

“खोटं बोलतीय ती,” मी म्हणाले. “काल दिवसभरात काय काय खाल्लंस, ते सांग बाईंना.”

सांगता सांगता तिचाच आवाज बारीक होत गेला. सकाळी चहाबरोबर बिस्किटांचा पुडा. भाकऱ्या थापून झाल्यावर आणखी एक. दुपारी खारी, संध्याकाळी चिप्स, रात्री पाकिटातल्या नूडल्स. भाकरी एकही नाही. अख्खी असेल ती विकायची, तुटली तर चुरा करून तीही विकायची. मुलं नोकरीला बाहेरगावी, मग एकटीसाठी कोण रांधत बसतंय?

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मैदा, साखर, तेल, मीठ, सगळीकडे तेच, नुसता कागद वेगळा. साखर अशीच राहिली तर जखम भरायची नाही आणि अंगठा काढावा लागेल.

बाहेर आल्यावर ती माझ्यावरच उखडली. “लोकांत लाज काढलीस माजी. बिस्कीट हलकं असतंय, ताई. आजारी माणसाला देत्यात की!”

मला तिचा राग आलाच, पण त्याहून जास्त आला त्या पुड्याचा. वर गव्हाच्या लोंब्या, दुधानं भरलेला पेला, हसरी आई. इतकं धडधडीत खोटं रंगीत कागदावर छापायला यांना काहीच कसं वाटत नाही? आणि खरं सांगायचं तर स्वतःचाही संताप आला. रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून दर खेपेला बिस्किटांचा मोठा पुडा मीच घेऊन जात होते. तो तिच्या डब्यात माझ्या हातानं ओतत होते.

त्या दिवशी घरी पोचल्यावर मी डाळ शिजवली आणि दुकानासाठी रचून ठेवलेल्या चवडीतली वरची भाकरी उचलली.

“अगं, आर्डरची हाय ती! एक कमी पडंल.”

“पडू दे!” मी ओरडले. “एका भाकरीवाचून दुकानदार मरत नाही. तू मरशील.”

इतक्या मोठ्यानं मी तिच्याशी कधीच बोलले नव्हते. भाकरी आमटीत कुस्करून ताट तिच्यापुढे सरकवलं. ती जेवली, बोटांनी ताट पुसून घेतलं, आणि नवल वाटल्यासारखं म्हणाली, “चांगली लागती की गं, ताई. लोक मागवत्यात ते उगंच न्हाय.”