होम थिएटर आणि मधली भिंत

नवा टीव्ही लेकीनं पुण्याहून पाठवला. दुकानाची माणसं आली आणि भिंतीला ठोकून गेली. चित्र चांगलं आहे, त्याला मी नाव ठेवत नाही. आवाज मात्र डब्यात माशी अडकल्यासारखा. बातम्या सांगणारी बाई तोंड हलवते, तिच्या मागं आग, पूर, पुढारी सगळं दिसतं आणि ऐकायला येते नुसती गुणगुण. मी लेकीला फोनवर सांगितलं, तुझा टीव्ही मुका आहे.

ती म्हणाली, "आण्णा, आवाज वाढवा की."

वाढवला, अगदी शेवटाला नेला. आमची मंडळी स्वयंपाकघरातनं कानावर पदर धरून बाहेर आली. मला वाटलं तिचं डोकं दुखतंय.

माझ्याकडं जुना होम थिएटर होता. कुपवाडला फौंड्रीत कामाला होतो तेव्हा घेतलेला. पाच लहान स्पीकर, एक मोठा वूफर आणि सीडी लावायचा डबा. जुन्या टीव्हीला तांबडी आणि पांढरी पिन खोचली की घराची कौलं थरथरायची. तो टीव्ही गेला तरी डबा मी टाकू दिला नाही, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला. मंडळी म्हणायची, भंगारवाला दारात येतोय तर देऊन टाका. चालू वस्तू भंगारात द्यायची सवय मला नाही.

फौंड्रीत माझं काम कास्टिंग साफ करायचं. साच्यातनं सुटं केलेलं ओतीव लोखंड हातोड्यानं ठोकून वाळू पाडायची, मग ग्राइंडरवर घासायचं. असं सगळं आयुष्य गेलं. बाकीचे कानात कापसाचे बोळे घालायचे, मी घालत नव्हतो. मुकादम म्हणायचा, "कान जातील गड्या." मी म्हणायचो, "कान माझं हायती, तुझं न्हाईत." पोरं हसायची, आणि मलाही ते बरं वाटायचं.

आता शेजाऱ्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच येऊन अडकलंय. आमची आणि त्याची भिंत एकच. माझ्याच वयाचा, चौथीपर्यंत एका फळीवर बसलेलो. मी कुपवाडला गेलो, तो शेतीत राहिला. दोन-तीन वर्षांमागं पारावर चार माणसांत तो मला म्हणाला, "तुझा टीव्ही जरा बारीक लाव रं. आमची भिंत बोलाय लागलीया."

सगळे हसले. मी म्हटलं, "माझ्या घरात माझा टीव्ही. तुझ्या भिंतीला कान फुटलं असतील तर बुजवून घे."

त्याच्यावरही हसले. पण त्या दिवसापासनं त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मी काय कमी होतो, मीही टाकलं. यंदाच्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला लागला. त्याची खाट मधल्या भिंतीलाच लावली आहे असं मंडळी सांगायची. ती रोज जायची, मी गेलो नाही. त्यानं निरोप धाडला तर जाईन, असं म्हणत राहिलो.

तर होम थिएटर. माळ्यावरनं काढला, पुसला आणि नव्या टीव्हीच्या मागं बघितलं, तर तांबडी-पांढरी भोकंच नाहीत. चपटी भोकं आहेत, आणि एक चौकोनी बारकं भोक, त्यातनं तांबडा उजेड येतो. डबा पिशवीत घालून कवठे महांकाळच्या दुकानात गेलो. दुकानदार पोरगेलासा. म्हणाला, "मामा, ह्यात कशाला जीव घालताय? नवीन साउंडबार घ्या, एक वायर लावली की झालं."

"जीव माझा हाय. तू वायर दे."

त्यानं काडेपेटीएवढी डबी दिली. टीव्हीच्या चौकोनी भोकातनं उजेडाची वायर डबीत, आणि डबीतनं तांबडी-पांढरी वायर आपल्या होम थिएटरात. वायरीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते ती आधी काढायची, आणि टीव्हीच्या सेटिंगात आवाजाच्या जागी पी, सी, एम ही अक्षरं निवडायची. इंग्रजी मला वाचता येत नाही, पण अक्षरं ओळखतो. कास्टिंगवर ती उठवलेली असायची आणि त्यांच्या कडेकडेनं घासावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर कामाला लागलो. टीव्हीच्या मागं डोकं घालून बसलो होतो तेव्हा मंडळी दारातनं काही तरी बोलली. मी "व्हय" म्हटलं. हल्ली मागनं कोण बोललं की मी व्हय म्हणतो. बहुतेक वेळा त्यात भागतं. माणूस समोर उभा राहून मोठ्यानं बोलला तर मला कळतं, तेव्हा कानाचं काय बिघडलंय असं मी कधी मानलंच नव्हतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं माझं म्हणणं होतं.

टोपी काढली, वायरी खोचल्या, अक्षरं शोधून दाबली. गाण्यांचं चॅनेल लावलं. पडद्यावर बाया नाचायला लागल्या. आवाज नाही. डब्यावरचं बटण पिळलं तरी नाही. आणखी पिळलं तेव्हा लांब कुठं तरी गिरणी चालावी तसं काही तरी आलं, तेवढंच. दुकानदारानं फसवलं म्हणून त्याला मनात दोन शिव्या दिल्या आणि बटण पार शेवटापर्यंत फिरवून ठेवलं. वायर कुठं ढिली आहे का म्हणून खाली बसलो आणि उठताना आधाराला हात वूफरवर टेकला.

वूफर हातोड्यासारखा धडधडत होता. हात उचलला, परत ठेवला. फरशीला पाय लावून बघितलं, तीसुद्धा हादरत होती. कपाटातल्या वाट्या सरकत पुढं आल्या होत्या. एवढं सगळं चालू होतं आणि माझ्यापर्यंत त्यातलं काही पोचत नव्हतं. मी तसाच हात ठेवून उभा राहिलो.

तेवढ्यात दार ढकलून गल्लीतले तिघं आत आले. एकाच्या हातात ताजा तोडलेला कळकाचा बांबू होता. कळक बघितला तेव्हाच कळलं कोण तरी गेलं, कारण गल्लीत कळक तोडतात तो तिरडीसाठीच. दुसऱ्यानं भिंतीतला प्लग ओढून काढला. तिसरा माझ्या तोंडासमोर येऊन ओरडला, ते मला नीट ऐकू आलं.

"आण्णा, पलीकडं मढं पडलंय आणि तुमी गाणी लावलीया व्हय? मेल्यावर तरी दावा सोडा की."

आमच्याकडं गल्लीत माणूस गेलं की मढं उचलेपर्यंत कुणाची चूल पेटत नाही, टीव्ही तर लांबच. एकदा असंच माणूस गेलं असताना मिरवणुकीचा स्पीकर चालू राहिला, तर तो मीच पुढं होऊन बंद करायला लावला होता. ते ह्या तिघांना माहीत होतं.

मी म्हटलं, "मला कोण सांगितलंच न्हाई."

मंडळी त्यांच्या मागनं आत आली होती. रडून तिचे डोळे सुजलेले. ती मोठ्यानं म्हणाली, "मी जाताना सांगितलं की. तुमी व्हय म्हणालासा."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. आता दोनच गोष्टी होत्या. एक तर मी बहिरा, नाही तर निर्लज्ज. मंडळीला खरं काय ते त्या घटकेला कळलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. ती जवळ येऊन म्हणाली, "आवं, सांगा की त्यास्नी."

"गप ऱ्हा," मी म्हटलं.

तिघं निघून गेले.

मी टोपी घातली आणि गेलो. शेजाऱ्याच्या दारात माणसं होती, मी आलो तशी थोडी बाजूला सरली. वाटेत प्रत्येकजण तिरडीला खांदा देतो, शेजाऱ्यानं तर द्यायचाच. मी पुढं झालो आणि हात लावला. त्याच्या पोरानं माझा हात धरून खाली केला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाला. हे ऐकू आलं. मी शेवटाला चालत गेलो, माझ्यामागं फक्त एक कुत्रं होतं.

मंडळीनं दोन दिवस मला धड जेवू दिलं नाही. "त्याची बायको इचारती, भावजींनी असं का केलं. मी काय सांगू? कान गेल्यात एवढंच सांगायचं हाय. त्यात कसली लाज?" लाज कसली ते मला तिला सांगता येत नाही. फौंड्रीत ज्यांनी कापूस घातला ते शहाणे ठरले, आणि मी हसवत होतो.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. ओढ्याकाठी वारं होतं आणि राख उडत होती, म्हणून पोरानं तोंडाला टॉवेल गुंडाळला होता. तो वाकून मडक्यात अस्थी भरत होता. मी त्याच्याजवळ बसलो.

"पोरा, मला ऐकू येत न्हाई. कान गेल्यात माझं. तुझा बा गेला ते मला कळलं न्हाई. मुद्दाम न्हाई लावलं रं."

हे मी आजवर कुणाला बोललो नव्हतो, मंडळीलाही नाही. पोरानं हात थांबवला, माझ्याकडं बघितलं आणि बोलायला लागला. चांगलं लांब बोलला. टॉवेल हलत होता, वारं वाहत होतं, बाकीची माणसं आपापसात बोलत होती. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. बोलून झाल्यावर तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. त्यानं काही तरी विचारलं होतं.

मी म्हटलं, "व्हय."

तो खाली वाकून परत अस्थी वेचायला लागला. काय म्हणालास, एवढं विचारायला काय लागत होतं? तोंडात आलं होतं. आजूबाजूला माणसं होती.

घरी येऊन मंडळीला म्हटलं, "पोरगं काय बोललं ते त्याच्या आईकडनं काढ."

हल्ली ती बोलायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभी राहते. तशी उभी राहिली आणि म्हणाली, "तुमीच जावा. आन ह्या बारीला टॉवेल काढाय लावा आन त्याच्या तोंडाकडं बघून ऐका."

शेजाऱ्याचं दहावं झालं, तेरावं झालं. गल्लीत टीव्ही परत लागले, आमचाही लागतो. होम थिएटर जोडलेलाच आहे. मंडळी आवाज तिच्यापुरता ठेवते आणि मी चित्र बघतो. कधीमधी ती स्वयंपाकघरात असली की वूफरवर हात ठेवतो. शेजारचं पोरगं सकाळी भिंतीजवळनं म्हशी घेऊन जातं. माझ्याकडं बघतं, मी त्याच्याकडं बघतो. त्यानं मला काय विचारलं आणि मी कशाला व्हय म्हटलं, ते मला अजून माहीत नाही. त्याचं दार आमच्या दारापासनं हाकेवर आहे. अजून गेलेलो नाही.