दामारेताची रदबदली

दामारेता आमच्या घरी आली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि आई जाऊन तीन दिवस झाले होते. आई फानियासला जन्म देऊन गेली. माझे वडील थेओदोतोस पलंग बनवायचे. हात अजून लाकडाच्या भुशाने माखलेले असतानाच ते बंदरावर गेले आणि अंगावर दूध असलेली बाई विकत घेऊन आले. ती स्पार्टाकडची होती. युद्ध अजून सुरू झालं नव्हतं. अथेन्समधल्या बऱ्या घरांत तेव्हा स्पार्टाच्या दायांना मागणी होती. त्या बाळाला घट्ट आवळून बांधत नाहीत, अंधाराची भीती घालत नाहीत, पानात टाकू देत नाहीत, असं सगळे म्हणायचे.

तिच्या छातीशी तिचं स्वतःचं बाळ होतं. अकराव्या दिवशी ते तापाने गेलं. तान्ह्या मुलांना आमच्याकडे मातीच्या घड्यात ठेवून पुरतात. शहराच्या वेशीबाहेर दामारेताने तो घडा खड्ड्यात उतरवला तेव्हा मी तिचं बोट धरून उभी होते. घड्यात कोण होतं, ते मी पाहिलं आहे. परत आल्यावर तिने हात धुतले, रडणाऱ्या फानियासला उचललं आणि अंगाशी धरलं.

आम्ही तिच्याच भाकरीवर वाढलो. जवाची भाकरी, अंजीर, ऑलिव्ह, कधी खारवलेला मासा. संध्याकाळी मी सूत काढायला बसले की ती तिच्या गावच्या गोष्टी सांगायची. तिचा बाप स्वयंपाकी होता, त्याचा बापही स्वयंपाकी. तिथे हा धंदा बापाकडून मुलाकडे जातो, कुणी विचारत नाही. स्पार्टाचे पुरुष घरी जेवत नाहीत. पंधरा-पंधरा जणांची पंगत असते आणि सगळ्यांना तोच डुकराचा काळा रस्सा.

"राजालासुद्धा?" मी विचारायचे.

"राजाला दोन वाट्या. पण रस्सा तोच."

"बरा लागायचा का गं?"

"दिवसभर मार खाल्लेल्याला बरा लागायचा."

तिथल्या पोरी मैदानात धावतात, कुस्ती खेळतात, बायका पुरुषांच्या तोंडावर बोलतात, त्यांच्या नावावर जमिनी असतात. हे ऐकताना माझं सूत तुटायचं. मी अंगणापलीकडे जात नव्हते. विहिरीवरसुद्धा कामवाल्या जायच्या. मग ती दुसरी बाजू सांगायची, तेवढ्याच थंडपणे. तिची आई शेतगुलामांतली. दरवर्षी तिथले अधिकारी शेतगुलामांविरुद्ध युद्ध पुकारतात, म्हणजे त्यांना मारलं तर पाप लागत नाही. तिचा मामा शेतावरून परतताना मारला गेला. अंगाने दणकट होता, एवढाच त्याचा गुन्हा.

वडिलांना तिची चेष्टा करायला आवडायचं. स्पार्टात वडीलधाऱ्यांच्या मंडळावरची माणसं ओरडून निवडतात, हे तिने सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला रंधा खाली ठेवला.

"ओरडून म्हणजे?"

"उमेदवार एकेक करून लोकांसमोरून जातो. लोक ओरडतात. शेजारच्या खोलीत बंद करून ठेवलेली माणसं कुणासाठी आवाज मोठा झाला ते ठरवतात."

"आणि त्या दिवशी ज्याच्या मित्रांचा घसा बसलाय त्याने काय करायचं?"

"तुमच्याकडे चिठ्ठ्या टाकून अधिकारी निवडतात, मालक. गेल्या वर्षी बाजाराची वजनं तपासायला कोण आला होता? ज्याला स्वतःच्या शेळ्या मोजता येत नाहीत तो."

वडील खूप हसले. मालकाला असं उत्तर देता येतं, एवढं तरी अथेन्समध्ये होतं.

फानियास अठरा वर्षांचा झाला तेव्हा युद्धाला अठरा वर्षं होत आली होती. स्पार्टाची फौज देकेलेइयाच्या टेकडीवर कायमची ठाण मांडून बसली होती, आमच्या घरापासून दिवसाच्या चालीवर. शहरातले गुलाम पळून तिकडे जात होते. वडिलांच्या कारखान्यातले दोघे गेले. दामारेता गेली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "तिथे जाऊन मी कुणाची होणार? त्यांच्या हिशेबी मी तिकडचीच गुलाम."

अठराव्या वर्षी मुलाचं नाव पेठेच्या यादीत चढतं. पेठेतले सगळे नागरिक जमतात, मुलगा वयात आला आहे का, आई-बाप दोन्हीकडून अथेन्सचाच आहे का ते विचारतात आणि खडे टाकून ठरवतात. नाव चढलं की तो नागरिक. नाकारलं आणि कोर्टातही हरला, तर त्याला गुलाम म्हणून विकतात. आमच्या शेजारी आमिनियास नावाचा दिवे विकणारा राहायचा. सांडपाण्याच्या मोरीवरून त्याचं आणि वडिलांचं वाकडं होतं. तो चारचौघांत म्हणायचा, "त्या महिन्यात थेओदोतोसच्या घरात दोन पोरं होती. एक मेलं. कुठलं मेलं ते देवालाच ठाऊक." युद्ध चाललेलं आणि दाई स्पार्टाची, लोक ऐकून घ्यायचे.

सभेच्या चार दिवस आधी दामारेता माझ्याजवळ बसली. मी तेव्हा सासरहून माहेरी आले होते.

"पोरी, इथे किती खडे विरुद्ध पडले की पोराला नाकारतात?"

मला माहीत नव्हतं. आम्हा बायकांना सभा कशी चालते ते कोण सांगणार? पण मला माहीत नाही असं म्हणायची लाज वाटली. "तुमच्याकडे किती लागतात?" मी विचारलं.

तेव्हा तिने पंगतीची गोष्ट सांगितली. नवा तरुण पंगतीत घ्यायचा असेल, तर नोकर डोक्यावर भांडं घेऊन फिरतो. प्रत्येक जण न बोलता भाकरीचा मऊ तुकडा त्यात टाकतो. ज्याला तो तरुण नको असेल तो आपला तुकडा बोटांनी दाबून चपटा करतो. सगळ्या तुकड्यांत एक जरी चपटा निघाला, तरी तरुण बाहेर. तिने बापाच्या चुलीशेजारून एकदा ते पाहिलं होतं. एका चपट्या तुकड्यासाठी एक देखणा पोरगा मान खाली घालून निघून गेला आणि पुन्हा कुठल्याच पंगतीत दिसला नाही.

"इथेही तसंच असेल," मी म्हणाले.

माझ्या या एका वाक्याने पुढचं सगळं झालं. दामारेताने ठरवलं की आमिनियासचा एक खडा फानियासला बुडवायला पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशी, वडील कारखान्यात असताना, ती डोक्यावरून वस्त्र घेऊन त्याच्या दारी गेली. त्याचे गुडघे धरले. "पोर थेओदोतोसचंच आहे," म्हणाली. "माझं मी माझ्या हातांनी पुरलंय. हवं तर मला शिव्या द्या, त्याच्यावर राग काढू नका."

आमिनियासने तिचं शांतपणे ऐकून घेतलं, तिला उठवलं, दारापर्यंत सोडलं.

सभेत तो उभा राहिला तो हेच घेऊन. पुढचं मला फानियासने सांगितलं. आमिनियास म्हणाला, "मित्रांनो, मी आजवर नुसता संशय घेत होतो. परवा ती दाई माझ्या पाया पडून गेली. काही लपवायचं नसेल, तर गुलाम बाई मालकाला न विचारता शेजाऱ्याच्या पाया कशाला पडेल? असं आईशिवाय कोण करतं?"

लोक कुजबुजायला लागले. त्याआधी कुणी त्याला फारसं मनावर घेत नव्हतं.

मग त्याने रीतसर मागणी केली: दाईला ताब्यात द्या. गुलामाची साक्ष छळ करूनच घेतली जाते. चाबकाखाली जे निघेल ते खरं. मालकाने नकार दिला, तर त्याचा अर्थ लोक आपापला लावतात. मुलगा आपलाच आहे अशी वडिलांनी वेदीवर हात ठेवून शपथ घेतली होती, पण ही मागणी ऐकून ते दाराकडे वळून पाहू लागले. दामारेता बाहेर पायऱ्यांपाशी उभी होती. ती दारातल्या पहारेकऱ्याला म्हणाली, "त्यांना सांगा, मी तयार आहे. माझी पाठ जुनी आहे, काही नवीन सांगणार नाही."

फानियास उठला. अजून त्याला बोलायचा हक्क नव्हता, पण कुणी अडवलं नाही. "माझं नाव चढवायला तिची पाठ फोडायची असेल, तर नाव राहू द्या," तो म्हणाला. "आमिनियास काका, तुमच्या मुलाला गोवर आला तेव्हा सात दिवस याच बाईने त्याला मांडीवर घेतलं होतं. त्यालाही तिचाच म्हणायचं का?"

कुणीतरी मागून हसलं. मग खडे पडले. फानियासच्या बाजूने सात जास्त निघाले.

घरी आल्यावर वडील बराच वेळ पाणी पीत राहिले. मग दामारेताला म्हणाले, "तू गेली नसतीस तर आमिनियास दहा खडेही जमवू शकला नसता."

"एकाच्या खड्याने काही होत नाही?"

"नाही. जास्त खडे ज्याचे, त्याचं खरं."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याकडे पाहू शकले नाही. "मला विचारलं होतंस," मी म्हणाले, "मी चुकीचं सांगितलं." तिने मान हलवली. "तू इथली असून तुला कुणी सांगितलं नाही," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून तिने फानियासला "बाळा" म्हणून हाक मारायचं सोडलं. सीमेवरच्या पहाऱ्यावरून तो घरी आला की ती अदबीने बाजूला उभी राहायची आणि म्हणायची, "आलात, मालक." त्याच्या केसांवरून हात फिरवायची नाही. त्याचं ताट दुसऱ्या कामवालीच्या हाती पाठवायची.

"घरात कोण बघतंय, दाई?" तो एकदा चिडून म्हणाला.

"सवय घरात राहत नाही, मालक. उद्या बाजारात तोंडातून निघेल. सातच खडे होते."

वडिलांनी तिला गुलामीतून मोकळं केलं, तरी ती बदलली नाही. फानियासचं लग्न झालं, त्याला मुलगी झाली. त्या मुलीला मात्र ती मांडीवर घेऊन दिवसभर बसायची.

लढाई सुरूच होती आणि शहरात धान्य कमी होत चाललं होतं, त्या वर्षी ती आजारी पडली. पाचव्या दिवशी दुपारी फानियास तिच्या खाटेपाशी बसला होता. मी पाण्याचं भांडं घेऊन उंबऱ्यात थांबले. अंगणात शेजारची माणसं तिची चौकशी करायला आली होती, आमिनियासची सूनही होती त्यांच्यात. फानियासने तिचा हात हातात घेतला.

"एकदा तरी लहानपणीसारखी हाक मार," तो म्हणाला.

तिने डोळे उघडले. आधी त्याच्याकडे नाही, अंगणाकडे पाहिलं.

"दार लाव," ती म्हणाली.

फानियास उठला. माझ्या हातातून त्याने पाण्याचं भांडं घेतलं आणि दार लावलं. मी बाहेर, शेजाऱ्यांच्यात उभी राहिले.