खाटेवरचा परका पाय

आता हे मी सांगायला नको खरं तर. पण आमची ही अख्ख्या पासली गावात सांगून बसली आहे, मग माझ्याच तोंडून ऐका. चहा घ्या, गार होतोय. मी होणाऱ्या व्याह्यांशी भांडलो, आणि तेही उताणा पडून! ऐकलंय असं कधी?

त्याचं असं झालं. भाताची पोती उचलून उचलून मला हर्निया झाला. भोरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. नेमके त्याच दिवशी कामथडीचे पाव्हणे, गणपतराव, मला बघायला दवाखान्यात यायचे होते. त्यांच्या मुलाशी आमच्या शुभांगीचं जमत आलेलं. पोरीला मुलगा मनापासून आवडला होता, फक्त त्यांचा होकार राहिला होता. आणि आधीचं एक चांगलं स्थळ माझ्या तापट तोंडामुळं गेलेलं!

"आज तरी तोंड सांभाळा," ही म्हणाली.

"म्या काय लहान हाय व्हय?"

डॉक्टरांनी मला टेबलावर पाय खाली सोडून बसवलं आणि समजावलं, "मणक्यांच्या आतून करंगळीएवढा जाड मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम पायाला आणि पायाची खबर मेंदूला, सगळं त्याच्यातून. तो कमरेच्या जरा वरच संपतो, खाली नुसता नसांचा झुपका. इंजेक्शन तिथं देतो. मग काही तास पायांची खबरच येणार नाही. कळलं?"

मी जोरात मान हलवली. डोक्यात होते गणपतराव!

ऑपरेशन झालं, मला खाटेवर आणलं. डोकं उचलायचं नाही अशी ताकीद. त्यामुळं मला दिसत होता फक्त वरचा पंखा. पाय खाटेवरून खाली लोंबतायत हे मात्र स्पष्ट कळत होतं. मला वाटलं, असेल इथली तशी पद्धत.

तेवढ्यात गणपतराव आले, शहाळी ठेवली आणि माझ्या खाटेच्या कडेला टेकले. मी सहज चादरीत हात घातला तर काय? गरम, केसाळ पाय! पाव्हण्यांनी थंडी वाजते म्हणून पाय थेट माझ्या चादरीत घातलेला! आता मुलाकडचे पडले, बोलणार काय?

"पाव्हणं, जरा पल्याड सरकता का?"

"व्हय, व्हय." सरकले. चाचपलं तर पाय तिथंच.

"आनखी जरा..."

"हे घ्या." पाय तिथंच!

मग मी गुपचूप चिमटा काढला. चांगला पीळ देऊन! हूं नाही की चूं नाही. काय हा निगरगट्ट माणूस! माझं टाळकंच फिरलं.

"पाव्हणं, पोरगी द्यायची म्हंजी खाट बी द्यायची का? पाय काडा आदी!"

लांबून आवाज आला, "अवो, म्या तर हितं दारात हुबा हाय!"

"मग पाय हितंच ठेवून गेला का?"

हिनं चादर उचलली आणि कपाळावर हात मारला. "अवो, तुमचाच हाय त्यो!"

"कसा आसंल? माजं पाय तर खाली लोंबत्यात!"

आरडाओरडा ऐकून डॉक्टर धावत आले. म्हणाले, "अहो, इंजेक्शन दिलं तेव्हा पाय लोंबत होते. मेंदूकडं शेवटची खबर तीच. नवी येईपर्यंत तो तेच खरं धरून बसलाय."

"डॉक्टर," ही म्हणाली, "ते इंजेक्शन जरा वर, पार तोंडापत्तोर देता आलं नसतं का?"

सगळे हसले, पण मला त्या हसण्याचं काही नव्हतं. डोळ्यांसमोर शुभांगी येत होती. पोरीचं सुख मी माझ्या हातानं घालवलं या विचारानं रडूच आलं. म्हटलं, "पाव्हणं, माज्यावरनं पोरीला जोखू नका. लई गुणाची हाय ती."

गणपतराव खाटेजवळ आले. "सोयरीक पक्की. जो सोताच्या पायाची बी गय करत न्हाई, त्यो आमाला काय फसवनार?"

लग्न झालं. जावयाचे पाय धुवायला मी तांब्या घेऊन वाकलो, तर मागून व्याह्यांचा आवाज, "व्याही, आदी चिमटा काडून बघा, जावयाचाच हाय ना?"

सगळा मांडव हसला, भटजीसुद्धा. मलाही हसू आवरेना. हात हलला आणि तांब्यातलं पाणी भलत्याच पायावर सांडलं.

या वेळी मात्र पाय कुणाचा ते मला लगेच कळलं. पाणी फार गार होतं हो!